रक्तसोबतचे अकरा दिवस

मी एक जुने संकेतस्थळ आहे. वेबसाइट म्हटलेत तरी चालेल, मी ओ देईन. मित्रांनो, तुम्ही दिवसभरात माझ्यासारखी पन्नास दारे उघडता आणि मिटता. आत कोण राहते, दाराला तेल कोण घालते, हे तुमच्या मनातही येत नसेल. माझ्याही मनात आले नव्हते. पण दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी माझे दार बंद सापडले आणि एका बाईचा जीव टांगणीला लागला. तीच हकीकत सांगायची आहे.

माझे नाव 'रक्तसोबत'. माझा जन्म घोडपदेवच्या एका चाळीत, मीनाक्षी तोरसकर यांच्या खोलीत झाला. मीनाक्षीताई परळच्या एका इस्पितळाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होत्या. आपल्या मुंबईच्या नावाने ओळखला जाणारा एक रक्तगट आहे, बॉम्बे ब्लड ग्रुप. तो फार थोड्यांचा असतो. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण त्या माणसाला 'ओ'चे रक्त चालत नाही. त्याला त्याच्याच गटाचे लागते. असा माणूस तपासणीत सापडला की मीनाक्षीताई त्याचे नाव-गाव एका वहीत टिपून ठेवत. वेळ आली की वही उघडायची, फोन फिरवायचे.

त्याच रक्तपेढीच्या कचेरीत अच्युत विजयकर लिपिक होते. गिरगावातले जुने घराणे, बोलणे मोजके, अक्षर मोत्यासारखे. पन्नाशी उलटल्यावर ते पुस्तके आणून संगणक शिकले आणि एके रविवारी ताईंच्या खोलीत बसून त्यांनी मला घडवले. माझ्यावर त्यांनी एकही फिरते चित्र ठेवले नाही. म्हणाले, इस्पितळाच्या जिन्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या साध्या मोबाइलवर हे पान चटकन उघडले पाहिजे.

संकेतस्थळाला दोन गोष्टी लागतात. राहायला जागा आणि दारावर नाव. जागा म्हणजे एखाद्या कंपनीच्या मोठ्या संगणकातला एक कोपरा. नाव म्हणजे माझा पत्ता. यातले काहीच कायमचे आपले होत नाही, दर वर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते. माझी जागा एका कंपनीकडे होती, नाव दुसरीकडे. दोन्ही अच्युतरावांच्या नावावर, दोन्हींचे मेल त्यांच्याच पत्त्यावर. तेव्हा कोणाला त्यात वावगे वाटले नाही. घरचाच माणूस होता.

ती वर्षे सुखाची गेली. वहीतली नावे माझ्यात आली. पुढे अच्युतरावांनी अशी सोय केली की रक्तदात्याने आपला बदललेला नंबर, नवा पत्ता, शेवटचे रक्त कधी दिले ते स्वतःच माझ्यात भरावे. चाळीस नावांची त्रेसष्ट झाली. दादरच्या एका सभागृहात दोघांना शाल-श्रीफळ मिळाले आणि मला मागच्या पडद्यावर मोठे करून दाखवले.

मग तंटा झाला. मीनाक्षीताईंचे म्हणणे होते की नंबर सर्वांना दिसू द्यावेत. अडलेल्या माणसाने रक्तपेढीची वाट का पाहावी? अच्युतरावांनी दोनदा बजावले की हे बरे नाही. ताईंनी ऐकले नाही. नंबर उघडे झाले, आणि दादरच्या मेघना नावाच्या रक्तदात्रीला रक्ताचा व्यापार करणाऱ्या दलालांचे फोन येऊ लागले. नको ते बोलणारे पुरुषही फोन करू लागले. रक्तदात्यांच्या सभेत तिने उभे राहून जाब विचारला. सगळे ताईंकडे बघू लागले. आणि ताई म्हणून गेल्या, "संगणकाचं सगळं विजयकर बघतात."

अच्युतरावांनी तो दोष तसाच अंगावर घेतला. घरी जाऊन त्यांनी सगळे नंबर झाकले, ते फक्त रक्तपेढीलाच दिसतील असे केले, अडलेल्या माणसासाठी पानावर पेढीचा नंबर तेवढा ठेवला, आणि त्यानंतर घोडपदेवला पाऊल टाकले नाही. पुढे दोघेही निवृत्त झाले. मी चालत राहिले. चालत्या गोष्टीकडे कोण लक्ष देतो?

आता तो मंगळवार. माझे दार तेव्हा बंद होते, त्यामुळे पुढचे मी पाहिलेले नाही. मीनाक्षीताईंनी नंतर ते माझ्याच एका पानावर लिहून ठेवले, काही झाकले नाही. तेच सांगते.

सकाळी साडेनऊला ताईंना सीमाचा फोन आला. सीमा ही त्यांच्याच हाताखाली शिकलेली, आता रक्तपेढीत त्यांच्या जागेवर असलेली तंत्रज्ञ. इस्पितळात यशोदा नावाची बाई आली होती. आठवा महिना, आणि रक्त जायला लागलेले. आज संध्याकाळच्या आत शस्त्रक्रिया करावीच लागणार होती, आणि तिचा गट नेमका हाच. पेढीत एकही पिशवी नव्हती. पुण्याहून एक निघणार होती, पण ती पोहोचायला रात्र झाली असती.

"मग साइट उघड की," ताई म्हणाल्या.

"तेच तर सांगतेय, ताई. आपली साइट उघडत नाही. तिथं बुटांची जाहिरात येते."

ताईंनी स्वतःच्या मोबाइलवर बघितले. माझ्या नावाखाली खरेच बूट होते. कपाटात माझ्या यादीची तीन वर्षांपूर्वी छापलेली प्रत होती, ती काढून त्या फोन लावत बसल्या. एक नंबर अस्तित्वात नव्हता. दुसरा कोणा भलत्याच माणसाने उचलला. एकाने महिन्यापूर्वीच रक्त दिले होते, एक दुबईला गेला होता, एकाची आई म्हणाली की त्याला कावीळ झाली आहे. कागदावरची मुंबईची नावे संपायला अर्धा तासही लागला नाही.

त्यांनी अच्युतरावांना फोन केला. घंटी वाजत राहिली. पुन्हा केला, पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी पायात चपला सरकवल्या, गुडघ्याला पट्टा बांधला आणि टॅक्सी करून गिरगाव गाठले.

दार अच्युतरावांनीच उघडले. 'या' म्हणाले, पण बाजूला झाले नाहीत.

"विजयकर, आपली साइट बंद पडलीय."

"माहीत आहे."

"कधीपासनं?"

"आज अकरावा दिवस. नावाची मुदत संपली. त्याआधी तीन मेल आले होते. मी वाचले. मुद्दामच काही केलं नाही."

ताईंनी लिहिले आहे की त्या क्षणी तोंडात आलेले शब्द बाहेर पडले असते तर दार लागले असते, आणि तिकडे परळला यशोदाचे काय झाले असते कोण जाणे. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. शस्त्रक्रिया चारला ठरली होती. रक्तदाता सापडायचा, तो यायचा, रक्त घ्यायचे, तपासायचे, जुळवून बघायचे, एवढे सगळे त्यात बसवायचे होते.

"त्या सभेत मी खोटं बोलले," ताई म्हणाल्या. "नंबर उघडे ठेवा असं माझंच म्हणणं होतं. तुम्ही नको म्हणत होतात. चार माणसांसमोर मी ते तुमच्यावर ढकललं. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आज गरज पडली म्हणून सांगायला आले, याची मला लाज वाटत्येय. पण एक बाई तिकडे मरायला टेकलीय, विजयकर. ती यादी काढा."

अच्युतराव आत गेले, संगणक सुरू केला आणि ताईंसाठी खुर्ची ओढली.

नावाची मुदत आत्ता वाढवली, तरी ते परत दारावर लागायला काही तास जातील, असे त्यांनी सांगितले. पण जागा अजून माझीच होती. तिची मुदत संपली नव्हती. म्हणजे दारावरचे नाव जाऊन तिथे नावाच्या कंपनीने बुटांची जाहिरात लावली होती, पण आतले सामान जागच्या जागी होते. मालकाला मागच्या दाराने आत जाता येत होते, फक्त पासवर्ड हवा होता.

त्यांनी पासवर्ड टाकला. चुकला. दुसरा आठवून टाकला. तोही चुकला. समोर सूचना आली की तिसऱ्यांदा चुकल्यास हे दार एक तास उघडणार नाही.

एक तास. अच्युतरावांनी बोटे उचलून मांडीवर ठेवली. सभेहून परतल्यावर आपण रागाच्या भरात पासवर्ड बदलला होता, हे त्यांना आठवले. काय ठेवला होता तेही आठवत होते, थोडेसे. त्यात ताईंचे आडनाव होते, आणि पुढे एक तारीख.

"तोरसकरबाई," त्यांनी मान न वळवता विचारले, "ती सभा किती तारखेला होती?"

"सतरा ऑगस्ट," ताई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या.

अच्युतरावांनी एकेक अक्षर, एकेक आकडा बघून टाकला. शेजारी बसलेल्या ताईंना पडद्यावर फक्त ठिपके दिसले. दार उघडले.

यादीत मुंबईचे चौदा जण होते. नुकतेच रक्त दिलेले, आजारी, बाहेरगावचे अशा खुणा त्यांनी स्वतःच करून ठेवलेल्या होत्या. ते वगळता पाच उरले. दोघांनी दोन फोन घेतले. पहिला लागला तो कोंडीरामचा. भायखळ्याच्या भाजी मार्केटात पाट्या वाहणारा हा माणूस. त्याने सात आठवड्यांपूर्वीच नवा नंबर माझ्यात भरला होता. ताईंच्या कागदावर त्याचा जुना नंबर होता, तोच जो कोणा भलत्याने उचलला होता. कोंडीरामने कोण आजारी, काय झाले, काही विचारले नाही.

"येतो. कुठं यायचं तेवढं सांगा."

दुसरी मिळाली ती कफ परेडच्या मच्छीमार नगरातली मनू. बोंबील वाळत घालायला निघाली होती, ते शेजारणीवर सोपवून बसमध्ये बसली. बाकी तिघांचे फोन नुसते वाजत राहिले.

ताई परळला गेल्या, अच्युतराव फोनवर बसून राहिले. एक वाजता कोंडीराम पोहोचला. सव्वा वाजता मनू आली, पण तपासणीत तिच्याच अंगात रक्त कमी निघाले. सीमाने तिचे रक्त घेता येणार नाही असे सांगितले. मनू हलेचना. थोडे तरी घ्या, अर्धी पिशवी घ्या, म्हणू लागली. शेवटी ताईंनी तिला हात धरून बाहेर बाकावर बसवले. यशोदाचा नवरा गौतम तिथेच उभा होता. कोकणातून येऊन घोडपदेवलाच राहणारा, ताईंच्या पलीकडच्या चाळीतला. तोंडओळखसुद्धा नव्हती. त्याने विचारले की डॉक्टरांनी दोन पिशव्या सांगितल्या होत्या, मग आता?

डॉक्टरांनी थांबायचे नाही असे ठरवले. एका पिशवीवर शस्त्रक्रिया झाली. कोंडीराम घरी जा म्हटले तरी गेला नाही, दुसऱ्या हातातून घेता येते का, असे मात्र त्याने एकदा विचारले. पाच वाजता सीमा बाहेर आली आणि तिने आधी गौतमकडे पाहिले. यशोदा वाचली होती. मुलगी झाली होती, अगदी मूठभर, तिला काचेच्या पेटीत ठेवले होते. ती तीन आठवडे त्या पेटीत होती, पण धडधाकट घरी गेली.

अच्युतरावांनी त्याच दिवशी माझी मुदत वाढवली आणि संध्याकाळी दिवेलागणीला बूट जाऊन माझे नाव परत दारावर आले. त्यांनी ताईंना फोन करून सांगितले, "आता मला यातून मोकळं करा, माझ्यावर विश्वास ठेवण्यासारखं मी वागलो नाही."

"मोकळं कोणी होणार नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही एकटे सांभाळत होता, तीच चूक होती. ती आमची."

त्यानंतर माझ्या चाव्या तिघांकडे आल्या. अच्युतराव, ताई आणि सीमा. मुदतीचे मेल तिघांना येतात. दर महिन्याला माझ्यातल्या यादीची एक प्रत निघते आणि रक्तपेढीच्या कपाटात कुलपात जाते. ती फक्त कपाटात जाऊन पडत नाही, एक-दोन फोन लावून बघितलेही जातात. दोघे म्हातारे अजूनही एकमेकांना आडनावानेच हाक मारतात आणि नंबरांवरून कधीतरी वाद घालतात. पण घालतात समोरासमोर.

मित्रांनो, तुमच्या घरचे, शाळेचे, मंडळाचे असे एखादे संकेतस्थळ असेल तर एकदा विचारा, ते कोणाच्या नावावर आहे? मुदत कधी संपते? चावी एकाच माणसाकडे तर नाही ना? आणि त्या माणसाशी तुमचे बोलणे चालू आहे ना? नुसती यंत्रे सांभाळून माझ्यासारखी दारे उघडी राहत नाहीत.

माझ्याकडे रोज येणाऱ्या प्रत्येकाची नोंद होते. पण ज्या दिवसांत दारावर माझे नाव नव्हते, त्या दिवसांत आलेला माणूस माझ्यापर्यंत पोहोचतच नव्हता. तो बूट बघून परत जात होता. यशोदासाठी सीमा आली होती, हे मला कळले, कारण ती पुढे ताईंकडे गेली. आधीच्या दहा दिवसांत आणखी कोण येऊन गेले, कुठल्या इस्पितळाच्या जिन्यातून, आणि त्यांचे पुढे काय झाले, ते मला आजही माहीत नाही.