बॉडीला अर्थ आहे

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. लांबी दोन हात, रंग हिरवा, त्यावर पिवळा पट्टा. दिसायला मी अजून बरी आहे. माझं प्लास्टिक मऊ आहे आणि आतलं तांबं नव्यासारखं लखलखतं. कोणी मला पाहिलं तर म्हणेल, वा, काय जपलीय! मला मात्र त्या विचारानेच मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी का जपली गेले, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका वायरीच्या कारखान्यात झाला. तांब्याची जाड सळई आधी एका भोकातून ओढतात, मग त्याहून बारीक भोकातून, मग आणखी बारीक. केसाएवढ्या तारा झाल्या की त्यांना पीळ घालतात आणि वरून गरम प्लास्टिक चढवतात. शेजारच्या यंत्रांवर माझ्या दोन बहिणी तयार होत होत्या, एक लाल आणि एक काळी. तिथे रिळं भरणारी एक मोठ्या आवाजाची बाई होती. नव्या मुलींना ती शिकवायची, "लाल न् काळी या राबणाऱ्या. ही हिरवी नुसती बसून खाणारी. पण ती जागेवर नसेल ना, तर बायांनो, कशालाही हात लावू नका!"

तिचं म्हणणं खरं होतं. लाल वीज आणते, काळी ती परत नेते. मी गप्प बसते. पण कधी लालचं प्लास्टिक सोलवटलं आणि वीज पत्र्यात उतरली, तर ती माझ्यातून जमिनीच्या वाटेने अशी काही धावत सुटते की विजेच्या पेटीतला, आपोआप वीज तोडणारा खटका त्याच क्षणी खाली पडतो. वीज बंद होते आणि माणूस वाचतो. माझ्या अख्ख्या आयुष्यात काम असतं ते एवढंच, एका क्षणाचं. त्या क्षणासाठी मी एका टोकाला पेटीत आणि दुसऱ्या टोकाला पत्र्यावर घट्ट कसलेली असायला हवी.

दुकानात मला दोन हात लांबीची कापून एका करड्या पेटीत बसवलं. त्या पेटीत दोन खटके होते. माझं एक टोक पेटीत स्क्रूने आवळलं आणि दुसऱ्या टोकाला तांब्याचं गोल कडं लावून ते मोकळं ठेवलं, गाडीच्या पत्र्याला लावण्यासाठी. मी खूश होते. निम्मं काम झालं होतं.

ती पेटी उस्तादांनी घेतली. उस्ताद म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचे कारागीर. गॅरेजमध्ये सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. तीस वर्षांत त्यांनी किती गाड्यांचे दिवे, भोंगे आणि स्टार्टर सुरू केले असतील याची गणती नाही. डोळे मिटूनही त्यांना वायर सापडायची. माणूस थट्टेखोर, पण हाताला स्वच्छ.

त्यांच्या बायकोच्या फुप्फुसांनी दगा दिला होता. नाकाला नळी आणि नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, असा तिचा संसार झाला होता. मशीनला घरातला प्लग लागायचा, म्हणून दोन वर्षं ती भिंतीपासून नळीच्या लांबीएवढीच लांब जाऊ शकत होती. खिडकी, पलंग, ओटा. एकदा ती म्हणाली, "अहो, मला ना एकदा पाणी बघायचंय. मोठं, लांबवर पसरलेलं. नळाचं नव्हे."

उस्ताद त्या दिवशी हसले नाहीत. आठवडाभरात त्यांनी धोब्याच्या दुकानाची जुनी बंद व्हॅन आणली. तिच्यात लोखंडी चौकटीचा घडीचा पलंग बसवला, लाकडी जमीन केली, छोटा ओटा केला. बाहेरच्या अंगाला पत्रा कापून विजेच्या जोडणीचं झाकणवालं तोंड बसवलं. मुक्कामाच्या जागी खांब असतात. खांबापासून या तोंडापर्यंत लांब केबल जोडायची, की गाडीत घरासारखी वीज येते आणि मशीन चालतं. त्या केबलमध्येही माझ्यासारखी एक हिरवी असते, ती पेटीतून मला खांबापाशी जमिनीशी जोडते. सगळं बेतलं होतं. उरली होती ती मी.

उस्तादांनी मला उचललं, माझं कडं बोटात फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. इथेच सगळं चुकलं, मित्रांनो, आणि कशामुळे चुकलं ते ऐका. एका शब्दामुळे. गाडीच्या वायरिंगमध्ये बॅटरीची एक बाजू सरळ गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. दिव्यातून गेलेली वीज पत्र्यातून परत येते. त्या जोडणीलाच गाडीचे कारागीर 'अर्थ' म्हणतात. घराच्या वायरिंगमध्ये 'अर्थ' म्हणजे मी. शब्द एकच, कामं दोन. उस्तादांना त्यातला एकच अर्थ ठाऊक होता, आणि तो त्यांना तीस वर्षं ठाऊक होता.

त्यांनी मेहुण्याला फोन लावला. बायकोचा हा धाकटा भाऊ परगावी घरांचं वायरिंग करायचा. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"भाऊजी, बाकी सगळं ठीक. बॉडीला अर्थ दिलात ना?"

"अरे, बॉडीला अर्थ असतोच! तीस वर्षं मी काय गोट्या खेळलो?"

"नाही, तसं नाही. विचारून ठेवलेलं बरं, म्हणून म्हटलं."

"बॉडीला अर्थ आहे. जाड केबलचा आहे. आणखी काय?"

"मग काळजी नाही," मेहुणा म्हणाला आणि त्याने ताईची चौकशी केली.

मी ओरडत होते. वायरीचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? गाडी रबराच्या चाकांवर उभी होती. तिच्या बॅटरीचा अर्थ बॅटरीपुरता होता, माझ्या पेटीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

थोडा वेळ नळी काढून गाडीतल्या ओट्यापाशी बसलेल्या बायकोने विचारलं, "मग ही हिरवी कशाची राहिली?"

"ही होय? हिला काही अर्थ नाही!" उस्ताद म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. तीही हसली. हसता हसता तिला धाप लागली. मग ते गंभीर झाले आणि म्हणाले, "घरातली वीज गाडीच्या पत्र्यात कशाला सोडायची? चुकून टेकली तर तुला झटका बसायचा." त्यांनी माझ्या कड्यावर काळी टेप गुंडाळली, एकदा, दोनदा, सहा वेळा. माझा पत्र्याला स्पर्शसुद्धा होऊ नये म्हणून मला दुमडून फळीमागे बांधून टाकलं. आळशी माणसाने मला लोंबकळत सोडलं असतं, तर हादऱ्यांनी मी कधीतरी पत्र्याला टेकले तरी असते. उस्तादांनी ते मायेने केलं, म्हणून ते पक्कं झालं.

आणि सगळं चाललं, बरं का! माझ्यावाचून दिवे लागले, पंखा फिरला, मशीन घुरघुरलं. माझ्यावाचून काहीच अडत नाही, हेच माझं दुखणं आहे. गॅरेजची मंडळी बघायला आली, पेटीला हात लावून "उस्ताद, मानलं तुम्हाला" म्हणून गेली. ते दोघं एका मोठ्या तळ्यावर गेले. ती दारात खुर्ची टाकून दिवसभर पाण्याकडे बघत बसली. त्या वर्षात ते पाच वेळा बाहेर पडले. तिच्या गालांवर रंग आला. मी फळीमागे, पत्र्यापासून बोटभर अंतरावर होते. प्रत्येक खड्ड्याला मला वाटायचं, आता टेप सुटेल, आता टेकेन. एकदा टेपचं टोक खरंच सुटलं. उस्तादांनी फळी उघडली, नवी टेप आणली आणि मला पुन्हा नीट बांधलं.

तिकडे पलंगाखाली माझी लाल बहीण झिजत होती. पलंग उघडला की लोखंडी चौकट तिच्यावर घासायची. सहाव्या मुक्कामाला तिचं तांबं उघडं पडून चौकटीला टेकलं. चौकट गाडीच्या पत्र्यात बोल्टने बसवलेली होती. अख्खी गाडी विजेने भरली. मी जोडलेली असते, तर खटका तिथेच पडला असता. खटका पडला नाही. मशीन घुरघुरत राहिलं. आत लाकडी जमिनीवर बायकोला काहीच कळलं नाही.

सकाळची वेळ होती. गवत दवाने भिजलं होतं. उस्ताद अनवाणी पायांनी पाण्याची कळशी भरून आले आणि त्यांनी दाराच्या मुठीला ओला हात लावला.

मूठ खडखडली. ते नेहमीच मूठ खडखडवून तिला चिडवायचे. ती आतून म्हणाली, "पुरे हो, चहा गार होतोय." मग कळशी पडल्याचा आवाज आला. तिने नळी काढून खिडकीतून पाहिलं. हाक मारायलासुद्धा तिचा श्वास पुरेना. पलीकडच्या गाडीतला माणूस धावला आणि त्याने खांबावरचं बटण बंद केलं, पण उशीर झाला होता.

मी बोटभर अंतरावर होते, मित्रांनो. उस्तादांचा हात मुठीला चिकटला होता आणि मी सहा वेढ्यांच्या टेपमध्ये सुरक्षित होते.

तेराव्या दिवसानंतर मेहुणा आला. त्याने फळी काढली, मला पाहिलं आणि तिथेच खाली बसला. टेपचे वेढे त्याने एकेक करून सोडवले. "मी विचारलं होतं गं, ताई," तो म्हणाला. "मी विचारलं होतं."

"हो रे," ती म्हणाली. "आणि त्यांनीही खरं तेच सांगितलं होतं."

त्याने नवी लाल वायर रबरी नळीतून ओढली. मग पत्रा घासून चकचकीत केला, माझं कडं त्यावर ठेवलं आणि पाना फिरवला. त्याला चार मिनिटं लागली. नंतर सगळ्यांना लांब उभं करून, त्याच्याकडच्या साधनाने त्याने लालमधली वीज मुद्दाम पत्र्यात सोडून पाहिली. हे तुम्ही कधीही करायचं नाही, ते जाणत्याचंच काम आहे. माझ्या अंगातून वीज सणसणत गेली, आयुष्यात पहिल्यांदा. टक् आवाज झाला आणि खटका पडला.

आता गाडी घरामागे उभी आहे. तिच्यात कोणी बसत नाही. मी घट्ट कसलेली आहे आणि कोणालाही वाचवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी विजेचं काम केलं तर "अर्थ दिला का?" एवढंच विचारून थांबू नका. "हो" म्हणणारा खोटं बोलत नसेल, पण तो दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत असेल. त्याला म्हणा, "कुठे दिलाय ते दाखवा." लहान तोंडी मोठा घास वाटला तरी म्हणा. दाखवायला गेले असते, तर उस्तादांनी फळी उघडली असती आणि मी दिसले असते.

त्या दिवशी टक् आवाज झाल्यावर उस्तादांची बायको घराच्या मागच्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती भावाला म्हणाली, "परत कर." त्याने खटका वर केला आणि पुन्हा वीज सोडली. टक्.

"केवढा वेळ लागतो रे याला?"

"पापणी लवते ना, त्याच्याही आत."

तिने नळी सावरली. मग म्हणाली, "परत कर."