अर्धा घोडा

दुसरा स्क्रू सुटला आणि बंदुकीचं लॉक लाकडातून अलगद सुमेधच्या तळहातावर आलं. घोडा त्याने आधीच अर्ध्यावर आणून ठेवला होता. लॉक काढायचं ते अर्ध्या घोड्यावरच, नाहीतर लाकडाची कपची उडते. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघूनबघूनच शिकला होता तो.

समोर कॉटवर पप्पा तीन उशांना टेकून बसले होते. दीड वर्षापूर्वी लकव्याने उजवी बाजू गेली, तिच्यासोबत बोलणंही गेलं. आता फक्त डोळे आणि डावा हात. डोळे मघापासून सुमेधच्या हातांवर होते. सुमेधला वाटलं, कौतुकाने बघतायत. बबन फिटरच्या पोराने स्क्रूची खाच न बिघडवता लॉक काढलं, म्हणजे काय.

बदलापुरात कात्रपच्या त्या वन बीएचकेमध्ये बंदूक कपाटात असायची, जुन्या चादरीत गुंडाळलेली. नळीत शिसं ओतून ती कधीच बंद केली होती, तिचा पोलीस चौकीचा कागदही कपाटातच. कपाटाच्या किल्लीला पितळेचा गोल बिल्ला होता. आनंदनगर एमआयडीसीतल्या टूलरूममधलं पप्पांचं नंबराचं टोकन. कंपनी बंद पडली, शेड पाडली, टोकन तेवढं किल्लीला राहिलं.

बंदूक गोंदनाकाची. आजोबांच्या पणजोबांची. कंपनी सरकारच्या पलटणीत होता म्हणे. म्हणेच, कारण कागद एक नाही. ना पेन्शनचा, ना गावच्या दप्तरातला. पूर्वजाच्या नावाने घरात एवढीच एक वस्तू. घोड्याच्या तोंडात गारगोटी, समोर पोलादी झाकण, खाली रंजकाची वाटी. घोडा पडला की गार झाकणावर घासायची, झाकण उघडायचं आणि ठिणग्या वाटीतल्या दारूत. व्हिडिओवाले त्या झाकणाला फ्रिझन म्हणतात. आजोबा झाकणच म्हणायचे. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी ते बंदूक मांडीवर घ्यायचे, तेल द्यायचे आणि अंगठ्याने घोडा मागे ओढायचे. खट. अर्धा. खट. पूर्ण. पहिल्या आवाजाला बंदूक झोपते, दुसऱ्याला जागी होते, असं सांगायचे. सुमेधला त्यांचा चेहरा नीट आठवत नाही, हे दोन आवाज आठवतात.

आणि आता मुंबईच्या एका म्युझियमच्या हिमानी मॅडम ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या शिपायांचं प्रदर्शन लावत होत्या. सुमेधने त्यांना फोटो पाठवले, मेसेजवर मेसेज टाकले. शेवटी त्या म्हणाल्या, बाहेरून सगळ्या बंदुका सारख्याच दिसतात. लॉकच्या पट्टीची आतली बाजू दाखव. बनवणाऱ्याची खूण तिथेच असते. खूण जुळली तर बंदूक काचेत ठेवू आणि खाली पाटीवर नाव लिहू. गोंदनाक, शिपाई. चिखलोलीच्या मित्रांना, आत्याला, ऑफिसात, सगळ्यांना सांगून झालं होतं त्याचं.

त्याने पट्टी उलटी केली. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने काळं तेल पुसलं. मोठी स्प्रिंग, घोडा फिरवणारा टंबलर, त्याच्या खाचेत अडकून घोडा धरून ठेवणारी सिअर. सगळं जागच्या जागी, आणि काय सफाई. व्हिडिओतल्या विलायती लॉकमध्येसुद्धा त्याने एवढी सफाई बघितली नव्हती. मग स्प्रिंगच्या बाजूला, कोपऱ्यात, तीन आकडे दिसले. पंचने ठोकून उमटवलेले, सरळ रेषेत.

२१६.

त्याने पुन्हा पुसलं. मग उठून कपाटाची किल्ली आणली आणि टोकन पट्टीशेजारी धरलं. का धरलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. टोकनवरचे तेच तीन आकडे काय तो विसरणार होता?

टूलरूमचा नियमच होता तो, पप्पांनीच सांगितलेला. गेज असो, डाय असो, ज्याने बनवलं त्याने स्वतःचा टोकन नंबर मारायचा. उद्या माल फेल गेला तर कुणाची मान धरायची ते कळायला हवं. तीस वर्षं हातातून वस्तू सोडायच्या आधी पंच मारला होता पप्पांनी.

आई पोळ्या लाटता लाटता दारात आली. एक नजर लॉककडे, एक पप्पांकडे. हातातलं लाटणं तिने टीव्हीवरच ठेवलं.

"कशाला उघडलंस रे?"

मग तिने सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. तेव्हा ते नदीकडे, बदलापूर पश्चिमेला भाड्याने राहायचे. दोन हजार पाचच्या पुरात पाणी माळ्यापर्यंत चढलं. सुमेध उल्हासनगरला मामाकडे होता, म्हणून त्याला काही माहीत नाही. भांडी गेली, कॉट गेली, बंदूकही गेली. पप्पा आठवडाभर काठाकाठाने चिखल उपसत होते. आजोबा तोवर अंबरनाथला दवाखान्यात. डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि रोज विचारायचे, बबन, बंदूक वर ठेवलीस ना? पप्पा रोज हो म्हणायचे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात हॉटेलच्या भिंतीवर लावायच्या शोभेच्या बंदुका मिळायच्या, त्यातली एक आणली. पण तिचा घोडा नुसता डाग देऊन चिकटवलेला. तो काढला आणि आतलं सगळं घरी बनवलं. अठरा दिवस. शिफ्टवरून आले की कानस घेऊन बसायचे. नकाशा नाही, काही नाही. लहानपणापासून अंगठ्याला जेवढं माहीत होतं तेवढंच.

"दवाखान्यात आजोबांनी घोडा ओढला," आई म्हणाली. "दोन्ही आवाज ऐकले. म्हणाले, गंज नाही लागू दिलास. दुसऱ्या दिवशी गेले."

चौकीचा कागद, घराण्याची बंदूक, सगळं सुमेधच्या डोक्यात सुटं होऊन पडलं होतं. एकच गोष्ट सरळ दिसत होती. गोंदनाकाचं आता काहीच उरलं नव्हतं. होतं म्हणायलासुद्धा काही नव्हतं.

कॉटवरून टकटक आली. पप्पा डाव्या हाताने कॉटच्या फळीवर बोट आपटत होते. त्यांनी कपाटाकडे हात केला, खालच्या खणाकडे. तिथे त्यांची हत्यारांची पेटी होती. सुमेधने ती समोर आणून उघडली. पप्पांनी चाचपत बारीक कानस उचलली आणि त्याच्याकडे धरली. मग पट्टीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. आकड्यांवर. आणि ते बोट पुढेमागे घासलं.

सुमेधला समजायला वेळ लागला.

"पप्पा, हे घालवू?"

त्यांनी मान हलवली. हो.

त्याने पट्टी मांडीवर दाबून धरली आणि कानस फिरवली. ती सर्रकन घसरली. पुन्हा जोर लावला, पुन्हा घसरली, काच घासल्यासारखी. पोलादावर ओरखडासुद्धा नाही. आधी पंच मारला होता आणि मग पट्टी तापवून तिला पाणी दिलं होतं, आणि पाणी असं दिलं होतं की कानस दात लावू शकत नव्हती. पप्पांच्या घशातून एक आवाज आला. हसले की काय, ते आईलाही सांगता आलं नसतं.

खाली ग्रिलवाल्याकडे ग्राइंडर होता. दोन मिनिटांचं काम. सुमेधच्या मनात ते आलं, आणि पप्पांच्याही आलं असणार, कारण ते खिडकीकडे बघायला लागले. तो उठला नाही.

त्याने मोबाइल घेतला. उजेडात धरून पट्टीचा फोटो काढला, आकडे स्पष्ट दिसतील असा, आणि पाठवला. खाली टाइप केलं, 'मॅडम, खरी पुरात गेली. ही माझ्या वडिलांनी बनवलीय.'

निळ्या टिक्स लगेच आल्या. मग बराच वेळ काही नाही. आईने तव्यावरची जळलेली पोळी काढून दुसरी टाकली. मग मेसेज आला.

'ओके. मग राहू दे.'

त्याने लॉक परत लाकडात बसवलं, दोन्ही स्क्रू आवळले आणि चादर शोधायला वळला. तेवढ्यात पप्पांनी हात पुढे केला. त्याने बंदूक त्यांच्या मांडीवर ठेवली आणि घोडा सोडवून पुढे केला. पप्पांनी डावा अंगठा त्यावर टेकवला आणि ओढला.

खट.

सुमेध दुसऱ्या आवाजासाठी थांबला. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. स्प्रिंग कडक होती. त्यांनीच बनवली होती तशी. बऱ्याच वेळाने अंगठा सुटून मांडीवर पडला. घोडा अर्ध्यावरच राहिला.