दादाची टोपी

ऐक ना, आधी नुसतं ऐक. सैन्यातल्या सक्तीच्या भरतीत दादाने बंदूक घ्यायला नकार दिला, माणूस मारणार नाही म्हणाला, हे तुला माहितीये. तर काल आईला आणि मला छावणीत बोलावलं. साहेब तसे भले होते. त्यांनी दादाची टोपी टेबलावर ठेवली आणि त्याला म्हणाले, "ही घाल, तुला मेसमध्ये स्वयंपाकाला टाकतो. बंदुकीला हातही लावू नकोस. नाहीतर थेट तुरुंग."

आईचा जीव भांड्यात पडला.

मी म्हटलं, "याला अंडं उकडता येत नाही. शत्रूचं काम हाच करून टाकेल."

फक्त दादा हसला. मग म्हणाला, "माझ्या हातचं जेवून ते गोळ्या घालायलाच जाणार ना, साहेब?"

आईने टोपी माझ्या हातात कोंबली. "तूच घाल. तुझं ऐकतो तो."

दादाने खुर्चीतच मान खाली घातली, लहानपणी मी त्याचा भांग पाडायचे तेव्हा घालायचा तशी. "तू घातलीस तर काढणार नाही, छकुले."

मला ना, काहीच वाटत नव्हतं. रडू नाही, राग नाही. टोपीच्या आत घामाचा पांढरा डाग होता, तोच बघत राहिले. मग टोपी परत टेबलावर ठेवली आणि बोटांनीच त्याचा भांग पाडला.

त्याला घेऊन गेले. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. मी तिच्यासमोर बसून पोटभर जेवते.

तू असतीस तर घातली असतीस का गं?