सहा मिनिटं वीस सेकंद

तहमीनाने गोधडीची वळकटी करून हातगाड्यावर आडवी ठेवली, वरून दोरी आवळली आणि एका टोकाला थोपटून म्हणाली,

"आजी, घट्ट धरा हां. पुढं खड्डा हाय."

दारातल्या खाटेवर बसलेल्या खऱ्या रंगुबाई पोट धरून हसल्या.

"जपून ने गं माझी मला. कंबर मोडलेली हाय."

शाळेच्या छपरावरचा भोंगा केकाटत होता. वस्तीत सगळीकडे पळापळ चालली होती, पण ती लग्नघरातल्या पळापळीसारखी. तहमीनाच्या अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी. दहावीतली मुलगी, पण आज वस्तीतली मोठी माणसं तिच्या शिट्टीवर चालत होती. या गोष्टीची तिला अजून दर सरावाला नव्याने गंमत वाटायची.

दोन वर्षांपूर्वी बर्फाच्या कारखान्यातून वायू सुटला, तेव्हा पळताना रंगुबाई पडल्या त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. मुलगा रांजणगावला कंपनीत. तो रविवारी यायचा. कारखान्याच्या भिंतीला लागून, पूर्वेला, त्यांचं एकटंच घर. म्हणून पुन्हा वायू सुटला तर कुणाकुणाला बाहेर काढायचं, याच्या पुण्याच्या संस्थेने केलेल्या यादीत पहिलं नाव त्यांचं होतं, आणि त्यांना शाळेच्या पटांगणात पोचवायची जबाबदारी तहमीनाची.

पहिल्या सरावाला तिने त्यांना खरोखरच गाड्यावर घातलं होतं. अकरा मिनिटं लागली. प्रत्येक खड्ड्याला रंगुबाईंच्या तोंडून एक बारीक आवाज निघायचा. दुसऱ्या दिवशी त्यांना पाठ टेकवता आली नाही. मग तहमीनालाच सुचलं, की सरावच तर आहे, गोधडी नेली तर काय बिघडलं?

"मी हितनं थाळी वाजवते," रंगुबाई म्हणाल्या होत्या. "म्हंजी मी बी सामील."

आताही गाडा वळला तसा मागून थाळीवर चमच्याचा ठणाणा सुरू झाला. पटांगणात लोक पिशव्या घेऊन रांगेत उभे होते. सराव संपला की संस्था टॉर्च, साबण, बिस्किटं, कधी चादर वाटायची. भोंगा वाजला की आधी पिशवी शोधायची, अशी सवय वस्तीला लागून गेली होती. तहमीनाच्या अम्मीने, रोशनबीने, तर दाराच्या खिळ्याला भोंग्याची वेगळी पिशवीच टांगली होती.

"सहा मिनिटं वीस सेकंद!" संस्थेचे सत्यजीत सर हातातलं घड्याळ उंचावून ओरडले. टाळ्या पडल्या. यादीवर शेवटची खूण झाली. एकही नाव राहिलं नव्हतं.

"पुढच्या वेळी तारीख सांगणार नाही हां," सर म्हणाले. "अचानक भोंगा वाजेल. आणि तहमीना, पुढच्या वेळी यादी तुझ्याकडे. गाडा दुसऱ्या कुणाला तरी शिकव."

गाडा वस्तीतल्या गोकुळमामांचाच होता, म्हणून पुढच्या वेळी तो त्यांनीच न्यायचा असं ठरलं. ते त्यावर झेंडूचे क्रेट वाहायचे. त्या संध्याकाळी गाडा त्यांच्या गोठ्यात लावताना तहमीनाने गोधडी सोडायला दोरीला हात घातला आणि थांबली. पुढच्या वेळी ती आणायला गोकुळमामा त्या टोकापर्यंत जाणार, पुन्हा बांधणार. दोन मिनिटं तर त्यातच जातात.

"गोधडी गोठ्यातच राहू दे का, आजी?" तिने जाऊन रंगुबाईंना विचारलंही.

"ऱ्हाऊ दे की. जुनीच हाय."

भोंगा वाजला तो सव्वा महिन्याने, बुधवारी, दुपारी साडेतीनला. चाचणी होती म्हणून शाळा लवकर सुटली होती. तहमीना जेवणाच्या ताटावरून उठली, तोंडातला घास तसाच, आणि जाकिटात हात घालत पळाली.

"अगं, पाणी तरी पी!" रोशनबी मागून ओरडली आणि खिळ्यावरची पिशवी काढून स्वतःही निघाली.

पटांगण भरत होतं. तहमीनाने खांबाखाली उभं राहून यादी उघडली. नावं घेताना तिचा आवाज खणखणीत लागला. एकेक खूण पडत गेली. कुणीतरी म्हणालं, या खेपेला ब्लँकेट हायेत म्हणं. कुणी म्हणालं, तेल द्या म्हणावं, ब्लँकेटं काय खायची?

"सर कुठं दिसंनात?" रोशनबीने विचारलं.

तहमीनाने मान वर केली. जीप नेहमी वडाखाली असायची. वडाखाली एक शेळी बसली होती.

"लपून बघत असतील," ती म्हणाली. "अचानक म्हणाले होते ना."

पण तिचा आवाज उतरला. वारा कळावा म्हणून सरांनी खांबाला बांधलेली लाल पट्टी तिच्या डोक्यावर फडफडत होती. टोक पूर्वेकडे. म्हणजे वारा इकडून तिकडे होता, पटांगणावर कसलाच वास नव्हता, आणि कारखान्याच्या भिंतीपलीकडे पांढुरकं काहीतरी जमिनीलगत पसरत चाललं होतं. सरावाच्या दिवशी असलं काही नसायचं.

तेवढ्यात गाड्याचा खडखडाट आला. गोकुळमामा घामाने निथळत, हसत, गाडा ढकलत आत शिरले. गाड्यावर गोधडी, मधोमध दोरी, तिनेच घातलेली गाठ.

"बघ, किती झाली? सहाच्या आत ना?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तहमीनाच्या हाताने यादीवर पहिल्या नावापुढे खूण केली. गाडा आला की खूण पडते, हे तिने दर सरावाला पाहिलं होतं.

मग तिने त्या खुणेकडे पाहिलं.

कारखान्याकडून एक कामगार पळत येत होता. तोंडावर ओला टॉवेल, डोळे लाल भडक.

"पाइप फूटा है! उधर मत जाओ कोई!" तो खोकत गुडघ्यांवर बसला.

टाळ्या थांबल्या. रोशनबीच्या हातातली पिशवी खाली आली.

"मामा," तहमीना हळू म्हणाली, "आजीकडं गेला होता तुम्ही?"

"आजीकडं?" गोकुळमामांनी गोधडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ही तर गोठ्यातच होती की गं. तूच ठेवली होतीस."

छपरावरचा भोंगा खरखरला आणि बंद पडला. दौंडहून बंब यायला अर्धा तास लागतो, हे सर प्रत्येक सरावात सांगायचे. बाहेर पडलेल्याने परत आत जायचं नाही, हेही सांगायचे. तहमीनाने ओढणी नळाखाली धरली. दोरीची गाठ तिच्या बोटांना सुटेना, तेव्हा गोकुळमामांनी विळ्याने दोरी कापली आणि आपला पंचा भिजवून तोंडाला बांधला. गोधडी धुळीत पडली. कुणीच ती उचलली नाही.

"तहमिने!" रोशनबी एवढंच म्हणाली.

तिने यादी आईच्या हातात दिली, गाड्याची एक मूठ धरली, दुसरी मामांनी. आता कुणी घड्याळ लावलं नव्हतं. तिला मात्र आठवत होतं. खऱ्या रंगुबाईंना अकरा मिनिटं लागली होती.

गाडा वळला. भोंग्याच्या आवाजाखाली इतका वेळ दबून गेलेला एक बारीक आवाज पूर्वेकडून, वाऱ्याच्या विरुद्ध, तुटत तुटत येत होता. थाळीवर चमचा.

ठण्.

ती पळत राहिली आणि ऐकत राहिली. ठण्. दर खेपेला पुढचा ठोका थोडा उशिरा पडत होता.