उजव्या डोळ्यातलं भोक

नगरच्या एका दवाखान्यात मी डोळ्याच्या आतल्या पडद्याचे स्कॅन काढते. सोमवारी सकाळी एका ट्रेनिंग कॅम्पातून तीन जवान आले, तिघंही विशीतले. तक्रार एकच, नेम धरला की टार्गेटचा मधला भाग गायब. सोबत त्यांचा उस्ताद, हवालदार गोरक्षनाथ.

"नाटकं हायेत सगळी, शिफाताई," तो म्हणाला. "डोळे चांगले हायेत एवढं लिहून द्या. नोकरीतून काढून घरी धाडतो एकेकाला."

तिघांच्या डोळ्यांत मी बाहुली मोठी करायचं औषध घातलं आणि काष्टीच्या करणला मशीनपुढे बसवलं. डावा डोळा उत्तम. उजव्यात, पडद्याच्या बरोबर मध्यभागी, जळून पडलेलं बारीक भोक. फैयाजचंही उजव्यातच. तिसऱ्या अमृतचा उजवा मात्र स्वच्छ निघाला आणि भोक डाव्यात. माझं डोकं चालेना.

"तू डावखुरा का रे?"

"व्हय मॅडम. रायफल डाव्या खांद्याला लावतो."

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. नेम धरताना एक डोळा मिटतात, जळतो तो उघडा. "नेम कशावर धरला होता?"

अमृतनं उस्तादाकडे बघितलं. करण बोलला, "सूर्यावर. टार्गेट चुकलं की उस्ताद सूर्यावर नेम धराय लावत्यात. शंभर मोजूस्तवर. रायफल खाली आली की बरगडीत बूट." त्यानं शर्ट वर केला. बरगड्या काळ्यानिळ्या पडल्या होत्या.

गोरक्षनाथनं त्याच्या कानशिलात अशी हाणली की त्याचं तोंड मशीनवर आपटलं, दात पडला. मग पट्टा काढून बकलाच्या बाजूनं मानेवर, पाठीवर मारत सुटला. फैयाज मध्ये पडला तर त्याच्या पोटात लाथ. मी ओरडत होते, ऐकतो कोण? करणनं लोखंडी स्टूल उचललं आणि उस्तादाच्या तोंडावर घातलं. नाकाचं हाड मोडलेलं ऐकू आलं. दुसरा घाव गुडघ्यावर. माझ्या कीबोर्डवर रक्त उडालं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मेजरसाहेब तिघांना घेऊन चौकशीला आले. उस्तादावर हात उचलला हे सिद्ध झालं तर करणची नोकरी गेलीच, वर तुरुंग.

"स्टूल कुणी मारलं?"

"डोळ्यांत औषध हुतं साहेब, सगळं धुरकट," फैयाज म्हणाला.

"मला बी न्हाई दिसलं," अमृत म्हणाला.

साहेब माझ्याकडे वळले. "तुमच्या डोळ्यांत तर औषध नव्हतं."

"नव्हतं. मी स्क्रीनकडे बघत होते." मी तिन्ही रिपोर्ट पुढे सरकवले. "तिथं जे दिसलं ते यात आहे."

त्यांनी ते दोनदा वाचले. मग स्वतःच्या हातानं लिहिलं, हवालदार घसरून स्टुलावर पडला. "त्याच्याकडे मी बघतो," ते म्हणाले. "ही भोकं भरून येतील?"

"या दोघांची थोडीफार. करणचं नाही, ते आरपार गेलंय."

करणनं ते ऐकलं. नेम धरताना अमृत मिटतो तसा त्यानं उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं माझ्याकडे बघितलं.