डोंग्यातल्या इहिनी

डोंग्यात पाय ठेवायच्या आधीच पंचफुलानं भांडण काढलं.

"हे काय बसाची जागा हाय? ढोराची गव्हान बरी याच्यापरीस."

"मंग पायी जा इहीनबाई," कस्तुराबाई वल्ह्याला टेकून म्हणाली. "मंगरुळाहून फेरा घ्या. दिवाबत्तीलोक पोचसान."

पंचफुला बसली. दुसरा इलाज नव्हता. पुलाचा भराव औंदा पुरात वाहून गेलेला, आणि तिचं गाव नदीपलीकडं, दोन वळणं खाली. सकाळी तिच्या लेकानं, ऋषिकेशनं, तिला मोटारसायकलवर लांबच्या फेऱ्यानं आणून आसेगावच्या फाट्यावर उतरवलं. सासुरवाडीत पाय घालायची त्याची हिंमत नव्हती. "राखीले घेऊन डोंग्यानं ये, मी आपल्या घाटावर थांबतो," म्हणून तो तिथूनच मागं फिरला.

राखी त्याची बायको, कस्तुराबाईची एकुलती पोर. होळीच्या सुमारास सुजलेलं तोंड घेऊन ती माहेरी आली आणि इथंच बाळंत झाली. मुलगी झाली. सासरहून टोपडं आलं नाही की बारशाला कोणी फिरकलं नाही. आणि आज सोयाबीन सोंगणीला आल्यावर ही इहीण दारात उभी, "पोरीले पाठवा" म्हणत. राखी घरातून बाहेरसुद्धा आली नाही. कस्तुराबाईनं चहाचं आधण ठेवलं नाही. "चाला, पोचवून देतो," एवढंच बोलली.

डोंगा तिच्या रोजच्या सवयीचा. पलीकडं तिचं वावर होतं. नवरा वारल्यापासून खताच्या थैल्या, बी-बियाणं, सगळं ती यातूनच नेई. खालच्या बंधाऱ्यानं पाणी अडवलेलं, त्यामुळं नदी वाहते की निजते तेच कळत नव्हतं. काठच्या बेशरमीच्या झुडपावर खंड्या बसला होता. म्हशी नाकापर्यंत पाण्यात बुडून रवंथ करत होत्या. रिकाम्या माणसानं मांडी घालून बघत बसावं अशी ती दुपार. पंचफुलानं मात्र दोन्ही हातांनी डोंग्याचे काठ घट्ट धरले होते. आणि कस्तुराबाई वल्हं मुद्दाम सावकाश मारत होती.

"जरा हात उचला ना."

"कायची घाई हाय? सोयाबीन पळून चाल्लं काय?"

"शेंगा तडकून राह्यल्या. मजूर भेटत नाई. घरची सून असून…"

"बाळंतपनात नाई आठोली घरची सून. पोरगी झाली म्हनून तोंड लपवून बसल्या तुमी."

"तुमच्या पोरीचं तोंड लय चालते. मानूस हाय, उठते त्याचा हात."

"हात उठते. गायीच्या शेपटीवानी आपोआप उठते, नाई?"

दुसऱ्या वळणाशी येऊन कस्तुराबाईनं वल्हं आत घेतलं आणि गुडघ्यांवर आडवं ठेवलं. डोंगा थोडा घरंगळला आणि थांबला. चहूकडं पाणी.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "कायले पायजे तुमाले माही पोरगी? सोयाबीनसाठी तुमी डोंग्यात बसनाऱ्या नाई. तुमाले तांब्यातल्या पान्याचं भेव वाटते."

पंचफुलानं शिव्या घातल्या. कस्तुराबाईच्या माहेराला, मेलेल्या नवऱ्याला, डोंग्यालासुद्धा. "बुडवाचं असन त बुडवा," म्हणाली. शिव्या सरल्यावर पंचफुलानं घाम पुसायला काठ सोडला आणि पदर घसरला. कानामागं कातडं काळंनिळं झालं होतं. खाली मानेवर जुना, पिवळा पडलेला वळ. असे वळ कस्तुराबाईनं पोरीच्या अंगावर पाहिले होते.

"कोनाचा हात?"

पंचफुलानं पदर सारखा केला. "त्याचाच. राखी होती तवा तिच्यावर पडे. ती गेल्यापासून माह्यावर."

"अन् म्हनून तिले न्याले आल्या तुमी."

"हो."

"तुमच्या वाटचा मार माह्या पोरीनं खावा."

"हो म्हनलं ना. माहं वय झालं. ती जवान हाय, सोसन."

इतकं उघडं कोणी बोलेल असं कस्तुराबाईला वाटलं नव्हतं. वल्हं उचलून हिच्या दुसऱ्या कानाखाली घालावं, असं खरोखर तिच्या मनात आलं. मग तिनं ते पाण्यात घातलं आणि वळणावरून डोंगा काढला.

घाट दिसला. ऋषिकेश मोटारसायकलवर बसला होता. दोघीच दिसल्या तसा उतरून काठाशी आला.

"एकटीच आली काय व माय?"

पंचफुलाची मान खांद्यात गेली. काठ हाकेवर असताना कस्तुराबाईनं डोंग्याचं तोंड फिरवलं.

"हे काय करून राह्यल्या?"

"उतराचं हाय काय तुमाले? सांगा, उतरवतो."

पंचफुलानं डोंग्याचे काठ पुन्हा घट्ट धरले.

"मंग बसा चूप. मले तुमची कीव नाई आली, ध्यानात ठेवा."

"मागतलीबी नाई."

"पलीकडचं माहंबी सोयाबीन सोंगाचं हाय."

"आयतं खानारी नाई मी."

मागं ऋषिकेश दोघींच्या नावानं ओरडला, मग गाडी सुरू केल्याचा आवाज आला. "फेऱ्यानं येईन तो," पंचफुला म्हणाली.

"येऊ दे."

राखी लेकराला खांद्यावर घेऊन काठावर उभी होती. "इले वापस कायले आनलं?"

कस्तुराबाईनं काही लपवलं नाही. पंचफुला कशासाठी न्यायला आली होती, तेही सांगितलं. राखी सासूच्या कानाकडं बघत राहिली.

"मी वरडत होती तवा तुमी चूल फुकत बसल्या होत्या. मागं वळून पाह्यलं नाई."

"नाई पाह्यलं," पंचफुला म्हणाली.

"लेकराले हात नाई लावाचा. अन् तो आला त तुमीच सांगाचं त्याले. मी नाई, माय नाई."

उन्हं कलता मोटारसायकल दारात वाजली. शेजारच्या ओट्यावरची माणसं उठून बघायला लागली. पंचफुला अंगणात गेली. लेकासमोर, सगळ्या आळीसमोर तिनं डोक्यावरचा पदर काढून कानामागचं काळंनिळं उघडं केलं.

"नाई येत मी," ती म्हणाली. "तीबी नाई येत. जाय."

ऋषिकेशनं हात उगारला नाही. त्यानं आईच्या कानाकडं पाहिलं, मग ओट्यावरच्या माणसांकडं. कोणी खाली बसलं नव्हतं. त्यानं गाडी वळवली.

संध्याकाळी तिघी जेवायला बसल्या, एकमेकींकडं न बघता. पहिला घास घेऊन पंचफुला म्हणाली, "वरनात मीठ कमी हाय."

कस्तुराबाईनं मिठाचा डबा तिच्याकडं ढकलला.