हर्जितोच्या नावाची घडी

घडीच्या सायकलवाल्यांचा मेळावा म्हणजे आधी खाणं, मग फोटो, मग पुन्हा खाणं आणि वेळ उरलाच तर सायकल. सालातिगा गावच्या मैदानावर त्या रविवारी सकाळीही तेच चाललं होतं. सेमारांगहून, सोलोहून, कुठूनकुठून माणसं आली होती आणि घट्ट जर्सीत पोटं कोंबून एकमेकांच्या सायकली वाकून वाकून न्याहाळत होती. कुस्मियाती सोतो सूपच्या गाडीपाशी स्टुलावर बसून वाडग्यातल्या रश्श्यात लिंबू पिळत होती. तिचा डावा गुडघा पुरता वाकत नसे, म्हणून तिला स्टूल मिळायचं आणि बाकीचे उकिडवे बसायचे.

"आवर पटापट," तीतीक म्हणाली. तीतीक तिची शेजारीण, तिला या नादाला लावणारी. "आता गेलेल्यांची नावं घेतील. आणि हर्जितोच्या वेळी रडू नकोस हं बाई. मागच्या खेपेला तुझं बघून अख्खी रांग रडली, फोटो सगळे वाया गेले."

"मी कशाला रडू? माझा कोण लागतो तो?"

"तेच तर आम्ही सगळे विचारतो!"

खरंच, तो तिचा कोणी लागत नव्हता. उलट गुडघ्याची वाट लावली होती ती त्यानेच. चार वर्षांपूर्वी वर कोपेंगच्या डोंगरावर असाच मेळावा भरला होता. सायकलची घडी उलगडण्यात हर्जितोचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. "द्या इकडे ताई, तुम्ही सकाळपर्यंत खटपट करत बसाल," म्हणत त्याने तिची सायकल जवळजवळ हिसकावली आणि पापणी लवायच्या आत उभी करून दिली. लोकांनी टाळ्या पिटल्या. कुस्मियातीही हसली आणि उताराला लागली. बिजागरीची खिटी बसलीच नव्हती. वळणावर सायकल तिच्याखालीच मिटली.

हर्जितो इस्पितळाकडे फिरकला नाही. महिन्याभरात तो समुद्रापार कालिमांतानला कामाला निघून गेला, साधा निरोपही नाही. कुस्मियातीने त्याला इतक्या शिव्या घातल्या की तीतीकची नातवंडंसुद्धा त्या शिकली.

मग एके दिवशी तो गेल्याची बातमी ग्रुपवर आली. एकाने 'इन्ना लिल्लाहि' लिहिलं, त्याखाली दुसऱ्याने, आणि बघता बघता शेकडो लोकांनी तेच खाली चिकटवलं. सिगितच्या घरी प्रार्थना आणि जेवण झालं. सिगित म्हणजे ग्रुपचा पुढारी, माईक हातात असला की जेवण न लागणारा माणूस. प्रार्थनेच्या शेवटी मौलवींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, या माणसाने कोणाचं काही वाईट केलं असेल तर माफ कराल ना? सगळे बसल्या जागी हो म्हणाले. कुस्मियाती मात्र भिंतीला धरून उठली आणि मोठ्याने म्हणाली, "मी माफ केलं. मनापासून." त्या दिवशी ती घरी गेली तेव्हा तिला वर्षानुवर्षांचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं होतं.

"या, या, रांगेत या!" सिगित माईकवरून ओरडला.

या लोकांची एक रीत आहे. गेलेल्याचं नाव घेतलं की प्रत्येकाने आपली सायकल मिटायची आणि तिच्याशेजारी मान खाली घालून उभं राहायचं. सिगितने एक नाव घेतलं, दुसरं घेतलं. मग आवाज जड करून म्हणाला, "आपला हर्जितो." मैदानभर खटाखट सायकली मिटल्या.

आणि रांगेच्या टोकाला, नुकत्याच आलेल्या एका मास्कवाल्या माणसानेही आपली मिटली. इतक्या झपाट्याने, इतक्या सफाईने, की शेजारच्या बाईने मान वर करून पाहिलं. घामाने गुदमरून त्याने मास्क खाली ओढला आणि ती बाई किंचाळली.

समोर हर्जितो उभा होता. थोडा वाळलेला, केस पिकलेला, पण हर्जितोच. कोणी देवाचं नाव घेऊ लागलं, कोणी मागे सरकताना मागच्याच्या सायकलवर आपटलं. सिगितच्या हातातला माईक कूंऽऽ करत राहिला.

"भूत नाही हो," हर्जितो ओशाळून म्हणाला. "गेला तो माझा थोरला भाऊ. कुणीतरी आम्हा दोघांचा फोटो टाकला होता. ग्रुपवर पहिलं लिहिणाऱ्याला त्यातला मीच माहीत होतो, मागच्यांनी त्याचंच चिकटवलं."

"म्हणजे आम्ही तुझ्या नावाने जेवलो ते?" मागून कोणीतरी म्हणालं आणि एकदम हसण्याचा लोंढा आला. लोक त्याला चाचपू लागले, चिमटे काढू लागले, पाठीत धपाटे घालू लागले. तीतीक तर रडत रडत हसत होती.

कुस्मियाती हसली नाही. तो जिवंत आहे याचा तिला आनंद झाला होता, आणि झाला म्हणूनच तिला स्वतःची चीड आली होती.

गर्दीतून वाट काढत तो तिच्यासमोर आला. सिगित माईक घेऊन मागोमाग हजर. "मंडळी, ताईंनी तर ह्याला केव्हाच माफ केलंय! आता जिवंतपणी एक टाळी होऊन जाऊ दे!"

"सिगित, तो भोंगा बंद कर," कुस्मियाती म्हणाली. सिगितने निमूटपणे बंद केला. मग ती हर्जितोला म्हणाली, "आम्ही तुला मेलेला समजतो हे तुला आज कळलं?"

"नाही ताई. बातमी आली त्याच आठवड्यात कळलं. माझ्या इथल्या मामेभावाचा फोन आला होता."

"आणि तू गप्प बसलास?"

"सांगणारच होतो. पण तो म्हणाला, ताईंनी चारचौघांत माफ केलं." हर्जितोने मान खाली घातली. "मग मला वाटलं, मेलेलाच बरा. इथे परत येऊनसुद्धा सहा महिने झाले. मास्क लावून मागच्या गल्ल्यांनी फिरतो."

आतापर्यंत कुस्मियातीला बसला होता तो धक्का यापुढे काहीच नव्हता.

"नालायका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "दर गुरुवारी संध्याकाळी तुझ्या आत्म्यासाठी कुराणातलं यासीन वाचते मी. माझ्या नवऱ्याच्या नावानंतर तुझं नाव घेते."

"काल मामेभाऊ तेच म्हणाला. त्यानंतर घास उतरेना. म्हणून आलो." त्याने कसंबसं वर पाहिलं. "मेलेल्याला दिलेली माफी मी जिवंतपणी वापरली, ताई. ती परत द्यायला आलोय."

"अगं, जाऊ दे ना," तीतीक पुटपुटली.

"घेतली परत," कुस्मियाती म्हणाली.

हर्जितोने मान डोलावली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो वळून चालू लागला.

"निघालास कुठे? आत्ता कुठे हाताला लागलायस. गुरुवारी ये घरी, संध्याकाळी. माझ्यासमोर बस. पुन्हा माफ करायचं का नाही ते तुझ्या तोंडाकडे बघून ठरवीन मी."

तो थांबला. "किती गुरुवार, ताई?"

"मला तरी काय ठाऊक?" ती म्हणाली, आणि तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.